रोजगार कार्यालयात नव्याने रुजू होताना: कार्डाच्या पुढचं काम

पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात हजर झालात की पहिल्याच दिवशी तुमच्या पुढ्यात अर्ज येऊन पडतील. नवं रोजगार कार्ड, कार्डाचं नूतनीकरण, बारावी झाली म्हणून शिक्षणात भर, लग्न झालं म्हणून नावात बदल. हे काम आठवडाभरात हातात बसतं. मग वर्षानुवर्षं तेवढंच करत राहायचा मोह होतो, कारण त्यात कुणी तुम्हाला काही विचारत नाही.

मी रोजगार खात्यातून निवृत्त झाले. माझ्यानंतर टेबलावर आलेल्यांना आणि आयटीआयत प्लेसमेंटचं काम सांभाळणाऱ्या शिक्षकांना जे तोंडी सांगत आले, ते इथे लिहून ठेवते. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नका. मुलगा कामाला लागला म्हणजे तुमचं काम झालं असं नाही. सहा महिन्यांनी तो तिथेच दिसला पाहिजे. आणि ते गुणपत्रिकेपेक्षा बस, शिफ्ट आणि घरची माणसं यांवरच जास्त ठरतं.

कार्डाची भानगड

खिडकीवर येणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी असते की कार्ड काढलं की नंबर लागतो आणि नंबर आला की घरी मुलाखतीचा कॉल येतो. त्यांना हसू नका. दुसरं महायुद्ध संपल्यावर घरी परतलेल्या सैनिकांना कामं लावून देण्यासाठी 1945 मध्ये देशात ही रोजगार केंद्रं सुरू झाली. 1956 मध्ये कारभार राज्यांकडे गेला आणि पुढे कितीतरी वर्षं सरकारी खाती खरोखरच इथून नावं मागवत. घरातल्या एखाद्या काकाला तसा कॉल आलेला असतो, आणि ती गोष्ट घरात अजून सांगितली जाते. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केंद्राने पाठवलेल्या नावांवरच थांबू नका, वर्तमानपत्रात जाहिरातही द्या आणि येतील त्या सगळ्यांचा विचार करा. तेव्हापासून कार्ड हा अर्जाला जोडायच्या कागदांतला एक कागद झाला. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, कोकणी येणं आवश्यक, मराठी आल्यास उत्तम, आणि मुदतीतलं रोजगार कार्ड, ही जाहिरातीतली ओळ गोव्यातल्या मुलांना पाढ्यासारखी पाठ असते.

हे तुम्ही कार्ड देतानाच दोन वाक्यांत सांगा. नाही सांगितलंत तर तो मुलगा कार्ड पाकिटात ठेवून घरी बसेल आणि दोन वर्षांनी तुमच्यावरच चिडेल.

खाजगी कारखान्यांसाठी 1959 चा कायदा होता. 25 किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर रिकामी जागा केंद्राला कळवायची. फक्त कळवायची, बरं का. माणूस केंद्राकडूनच घ्या असं त्यात कुठेही नव्हतं. न कळवल्यास पहिल्या वेळी दंड 500 रुपयांपर्यंत. त्याला कोण भीक घालणार! 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तीत हा आकडा 20 वर आलाय आणि केंद्राला करिअर सेंटर असं नाव मिळालंय. पाटी बदलली तरी एचआरला फोन तुम्हालाच करावा लागणार आहे. कायदा दाखवून मिळवलेली जागा बहुतेकदा रजिस्टरातच राहते. कारखान्यात जाऊन, माणसं बघून मिळवलेली जागा भरते.

समोर बसलेल्याला काय विचारायचं

शिक्षण, टक्के, प्रवर्ग, संगणक येतो का, हे अर्जावर असतंच. ते पुन्हा वाचून दाखवायला लावू नका. तुम्ही विचारायचं ते असं: घर कुठल्या वाड्यावर? बसस्टॉपपर्यंत चालत किती वेळ? सकाळची पहिली कदंब, म्हणजे सरकारी बस, किती वाजता, परतीची शेवटची किती वाजता? घरात दुचाकी आहे का, आणि असली तर ती दिवसभर कोणाच्या ताब्यात असते? म्हाताऱ्या माणसांचं कोण करतं? पावसात रस्ता बंद पडतो का?

सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावातली एक मुलगी घ्या. बारावी सायन्स, हात चपळ, नजर बारीक. वेर्ण्याच्या औषध कंपनीत पॅकिंग लाइनवर तिला डोळे झाकून घेतील. पण दुपारची शिफ्ट तीनला लागते आणि रात्री अकराला सुटते. कंपनीची बस पणजीपर्यंत आणून सोडते. त्या वेळेला पणजीहून वाळपईच्या बाजूला जायला काय मिळणार? पहिला महिना बाप स्कूटर घेऊन पणजीला येईल, दुसऱ्या महिन्यात पाऊस लागेल आणि तिसऱ्या महिन्यात मुलगी घरी. कंपनी म्हणणार, गोव्याची मुलं टिकत नाहीत. हे वाक्य मी एवढ्या वेळा ऐकलंय की आता ऐकू आलं तरी मी पहिल्यांदा त्या कंपनीच्या बसचं वेळापत्रक मागते. अशा मुलीसाठी आधी होंड्याच्या किंवा पिसुर्ल्याच्या औद्योगिक वसाहतीत बघा. पगार कमी असेल, पण ती वर्षभर कामावर जाईल आणि मग अनुभवाचं पत्र घेऊन स्वतःच वेर्ण्याला जायचं की नाही ते ठरवेल. किंवा दोन-तीन मुली एकत्र पाठवा, म्हणजे वेर्ण्याच्या जवळपास खोली करून राहता येतं आणि घरचेही तयार होतात.

मुलीबरोबर आई आली तर तिला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवू नका. खुर्ची ओढून द्या आणि तिलाच विचारा, "बाय, रातची शिफ्ट आसल्यार चलता?" जे उत्तर तुम्हाला तीन महिन्यांनी मिळणार होतं ते तिथल्या तिथे मिळेल. बोलणं कोकणीत होऊ द्या. अर्ज मराठीत लिहिणारा, घरी मराठी पेपर घेणारा डिचोलीचा माणूसही मनातलं बोलायला लागला की कोकणीवर येतो.

मुलग्यांना "तुला काय आवडतं?" विचारण्यात अर्थ नाही. ते खांदे उडवतात. त्यापेक्षा विचारा, गेल्या वर्षात चार पैसे कशातून मिळवलेस? मग बाहेर पडतं. चतुर्थीला लोकांची मखरं करून दिली. जत्रेत नाटकाला लाइट आणि साउंड लावला. मामाच्या गॅरेजात बसलो. मासळीच्या गाडीवर फिरलो. लग्नाच्या जेवणाला केटररबरोबर वाढायला गेलो आणि पुढे भाजी-चपातीवर लागलो. जत्रेत रात्रभर जनरेटर सांभाळणाऱ्या मुलाला कुठल्या वायरवर किती भार घालायचा ते कळतं. तोच मुलगा अर्जावर "अनुभव: नाही" असं लिहितो. तो रकाना तुम्ही भरायचा.

त्याच्याच शेजारी व्यवसायाचा क्रमांक असतो आणि तो घाईघाईत उरकला जातो. राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण 2015 प्रमाणे प्रत्येक कामाला आठ अंकी क्रमांक आहे. पहिल्या चार अंकांवरून कामाचा गट कळतो. 8332 म्हणजे जड ट्रक चालवणारे, 8342 म्हणजे माती उपसायची यंत्रं चालवणारे, 5120 म्हणजे स्वयंपाकी, 7212 म्हणजे वेल्डर. खाणीवर पोकलेन चालवलेल्या माणसाला "ड्रायव्हर" म्हणून 8332 मध्ये टाकलंत, तर पेडण्यात कामाला ऑपरेटर शोधणाऱ्या ठेकेदाराच्या यादीत तो कधीच येणार नाही. राष्ट्रीय करिअर सेवेचं पोर्टल 2015 पासून चालू आहे, पण त्यातही शोध लागतो तो तुम्ही भरलेल्या शब्दांवर आणि आकड्यांवरच.

खाणपट्ट्यातली माणसं

डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे या तालुक्यांत तुमची नेमणूक झाली तर हा भाग दोनदा वाचा. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या चालल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालानंतर मार्चच्या मध्याला पुन्हा थांबल्या. तेव्हा खिडकीवर येणारी माणसं वेगळी होती. चाळिशी उलटलेली, आठवी-नववी शिकलेली, वीस-वीस वर्षं टिपर नाहीतर यंत्र चालवलेली. काहींच्या डोक्यावर गाडीचा हप्ता होता. मुलाच्या वयाच्या कारकुनापुढे अर्ज करायचा म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. आजही तशी माणसं येतात.

त्यांना "ट्रेनिंग घ्या" असं म्हणू नका. ज्याने वीस वर्षं उतारावर भरलेला टिपर धरलाय, त्याला अठरा वर्षांच्या पोरांबरोबर बाकावर बसवलंत तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही. त्यांच्यासाठी आरपीएल, म्हणजे आधीच्या कौशल्याला मान्यता देणारी योजना, आहे. येत असलेलं काम तपासायचं, थोडी उजळणी घ्यायची आणि प्रमाणपत्र द्यायचं. "तुमची परीक्षा घ्यायची आहे" म्हटलं की छाती पुढे काढून येतात. "शिकवायचं आहे" म्हटलं की पाठ फिरवतात. हे मी स्वतः बघितलंय.

आरपीएलला पाठवायच्या आधी परवाना बघा. वाहतुकीच्या गाड्यांचा ड्रायव्हिंग परवाना पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतो, आणि घरी बसलेल्या माणसाचा तो हमखास संपलेला असतो. डोळ्यांचं बघा, शुगर आहे का ते विचारा, कारण मेडिकलमध्ये तिथेच अडतं. मग मोपा विमानतळाच्या बाजूचं बांधकाम, महामार्गाचे ठेकेदार, सिमेंट मिक्सरच्या गाड्या, स्कूलबस, कचरा वाहतूक अशा जागा शोधा. ज्यांना यंत्र दुरुस्त करता येतं त्यांना ड्रायव्हर म्हणून पाठवू नका. ते मेकॅनिक म्हणून जातील आणि पन्नाशीनंतरही काम करतील.

कोर्स सुचवताना

आधी आपल्या भागातल्या वसाहतींत फिरा, मग कोर्सचं नाव घ्या. पणजी, म्हापसा, पेडणे, डिचोली, होंडा, फर्मागुडी, वास्को, मडगाव, काकोडा, काणकोण अशा ठिकाणी सरकारी आयटीआय आहेत. म्हणजे अंतर हा प्रश्न निदान शिक्षणापुरता तरी सुटलेला आहे. फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर, फूड प्रॉडक्शन, संगणकाचा कोपा हे एका वर्षाचे.

पालकांना कोपा आवडतो. पंख्याखाली बसून काम, कपडे स्वच्छ, ऑफिस. माझं मत विचाराल तर गोव्यात रेफ्रिजरेशन आणि एसीचा ट्रेड जास्त चालतो. हॉटेलात एसी, औषध कंपनीत हवा खेळती ठेवायची मोठी यंत्रणा, मासळीचं कोल्ड स्टोरेज, आइस्क्रीमची गाडी, सगळीकडे तोच माणूस लागतो, आणि पुढे व्हॅन घेऊन स्वतःचा धंदाही करता येतो. ही जागा मुली क्वचित मागतात. मागितली तर पाठिंबा द्या. फूड प्रॉडक्शनला हॉटेलं आहेत आणि जहाजंही आहेत. मात्र हॉटेलांची भरती सप्टेंबर-ऑक्टोबरला, सीझन लागायच्या तोंडावर होते आणि मेच्या शेवटी अनेकांना घरी बसावं लागतं, हे आधी सांगून टाका. ते पावसाळ्याचे महिने छोट्या कोर्सेससाठी राखून ठेवा: इंग्रजी बोलणं, अन्नसुरक्षा, बेकरी. मे महिन्यात मुलांना वर्गात बोलावणारा अधिकारी मला आजवर कळलेला नाही. घरात आंबे-फणस, पाहुणे, लग्नं. कोण येणार?

अप्रेंटिसशिप, म्हणजे कारखान्यात काम करत शिकायची उमेदवारी, हा आपल्या हातातला सगळ्यात कामाचा मार्ग आहे आणि तोच सगळ्यात कमी समजावून सांगितला जातो. 1961 च्या कायद्याखाली 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि ठेकेदाराची माणसंही त्या मोजणीत धरतात. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना 1500 रुपयांपर्यंत, उचलतं. एचआरशी बोलताना हा आकडा तोंडावर ठेवा. फाइल उघडून शोधत बसलात तर समोरचा घड्याळ बघायला लागतो.

मुलाच्या बाजूने दोन गोष्टी बघायच्या. अप्रेंटिसला भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागत नाही, ते घरी समजावून सांगा, नाहीतर "कंपनीने फसवलं" म्हणून बाप तक्रार घेऊन येतो. आणि महिन्यातून एकदा तरी विचारा, आज कुठल्या यंत्रावर होतास? तीन महिने सलग उत्तर "गोडाऊन" असेल तर तुम्ही स्वतः जा. इलेक्ट्रिशियनच्या अप्रेंटिसला खोकी उचलायला लावणारे कारखाने आहेत. तिथे भांडायचं नाही. सुपरवायझरला म्हणायचं, याचं वर्षाअखेरचं प्रात्यक्षिक तुमच्याच पॅनलवर घेऊया का? दुसऱ्या दिवसापासून पोराला पॅनल दाखवतात.

कारखान्यात गेल्यावर

एचआरच्या केबिनमध्ये चहा घ्या, पण तिथेच थांबू नका. कॅन्टीन बघा, चेंजिंग रूम बघा, बस उभी राहते ती जागा बघा. औषध कंपनीत गाऊन आणि मास्क घालून आठ तास उभं राहावं लागतं, नखं कापलेली लागतात, काही ठिकाणी बांगड्या, मंगळसूत्र, कुंकू आत चालत नाही. हे मुलीला आणि तिच्या सासूला आधीच सांगा. कामाच्या पहिल्या दिवशी गेटवर कळलं तर ती तशीच परत येते.

जागा नोंदवताना "हेल्पर, 10" असं लिहून घेऊ नका. शिफ्टच्या वेळा, बस कुठून कुठपर्यंत, जेवण मिळतं की कापून घेतात, कंपनीच्या पटावर की ठेकेदाराकडे, ठेकेदार कोण, आठवड्याची सुटी कधी, हे सगळं लेखी घ्या. रोजगार मेळाव्यात तर हे जास्तच जपा. मेळाव्यात कंपन्या बायोडेटांचे गठ्ठे घेऊन जातात आणि संध्याकाळी मंत्र्यांसोबत फोटो निघतो. त्या गठ्ठ्याचं पुढे काय झालं हे विचारणारं कुणीतरी पाहिजे, ते तुम्ही व्हा. मेळाव्याच्या पुढच्या सोमवारी प्रत्येक स्टॉलवाल्याला फोन.

पगाराची स्लिप

हे वर्गात शिकवत नाहीत आणि घरी कुणाला माहीत नसतं. एक कागद घ्या आणि मुलासमोर हिशेब मांडा. समजा एकूण पगार 18,000, त्यात मूळ आणि महागाई मिळून 15,000. भविष्यनिर्वाह निधीचे 12 टक्के म्हणजे 1,800 गेले. ईएसआयचे 0.75 टक्के, 18,000 वर 135 गेले. हातात 16,065. कॅन्टीन कापत असतील तर आणखी कमी. पहिल्या महिन्यात "अठरा म्हणाले आणि सोळा दिले" म्हणून काम सोडलेली मुलं मी पाहिली आहेत. ते 1,800 कुठे जातात, कंपनीही तितकेच घालते, यूएएन हा निधीच्या खात्याचा नंबर काय असतो, नोकरी बदलली तरी तो का जपायचा, आणि ईएसआयचं कार्ड असलं की आईच्या औषधपाण्यालाही ते कसं उपयोगी पडतं, हे सांगायला दहा मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं कधीही वाचवू नका.

"सरकारी काय आहे?"

हा प्रश्न तुम्हाला रोज येईल. "सरकारी नोकरीची वाट बघू नकोस" असं सांगायला जाल तर समोरचा मनात हसेल, कारण तुम्ही स्वतः सरकारी खुर्चीत बसून ते सांगत असता. मी सांगायचे, वाट बघ, पण कामावर जाऊन बघ. क वर्गाच्या भरतीसाठी 2019 च्या कायद्याने गोवा कर्मचारी निवड आयोग आला आणि त्याची परीक्षा संगणकावर होते. एलडीसीच्या, म्हणजे कनिष्ठ कारकुनाच्या, एका जागेसाठी किती अर्ज पडतात ते त्याला माहीतच असतं. मग संध्याकाळी दीड तास अभ्यास, दिवसा अप्रेंटिसशिप, असा कागदावर आठवडा आखून द्या. मामलेदाराकडचा रहिवासी दाखला, प्रवर्गाचा दाखला, कार्डाची मुदत हे जाहिरात यायच्या आधी तयार ठेवायला लावा. शेवटच्या आठवड्यात मामलेदार कचेरीत धावणाऱ्यांची रांग आपण सगळ्यांनीच पाहिलीय. गोवा मनुष्यबळ विकास महामंडळाच्या जागा सरकारी खात्यांत काम देतात, पण त्या महामंडळाच्या आहेत. "आत शिरलो की कायम होणार" असा अर्थ कुणी काढत असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करा.

दिव्यांग उमेदवार आला तर 2016 च्या कायद्यातलं 4 टक्के आरक्षण आणि प्रमाणपत्रावरचा दिव्यांगत्वाचा प्रकार, दोन्ही नीट बघा. जाहिरातीत जागा ठरावीक प्रकारासाठी असते, आणि ते न बघता अर्ज करवून घेतला की त्याची फी आणि आशा दोन्ही जातात.

मग येतो तो दुसरा प्रश्न, आवाज खाली करून विचारलेला: "मॅडम, किती द्यावे लागतील?" 2024 च्या अखेरीस सरकारी नोकरी लावतो म्हणून लाखो रुपये घेतल्याची प्रकरणं गोव्यात एकामागून एक उघडकीस आली, अटकाही झाल्या. फसलेल्यांत दागिने विकलेली माणसं होती. असा प्रश्न आला की विषय टाळू नका आणि विचारणाऱ्याला चोरही ठरवू नका. दार लावून घ्या, कोणी मागितले, रोख की खात्यावर, काही दिलेत का, ते विचारा. दिले नसतील तर परीक्षेचे गुण, यादी, हरकतीची मुदत हे कसं चालतं ते समजावा. दिले असतील तर पोलीस ठाण्यात जाण्याचा रस्ता दाखवा. घरी सांगायला लाज वाटते म्हणून बरेच जण गप्प बसतात. निदान भावाला तरी सांग, एवढं त्याच्याकडून वदवून घ्या.

परदेशाचं थोडक्यात. आखाती देशात पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं, आणि त्याने घ्यायच्या शुल्काला 30,000 रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. जहाजावर जाणाऱ्याने भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना आहे का ते पाहायचं. नोकरी लावून दिल्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायला तिथे मनाईच आहे. आपल्याकडे घरटी एखादा माणूस जहाजावर असतो आणि "आमच्या ओळखीचाच आहे" या एका वाक्यावर लोक पासपोर्ट देऊन बसतात. पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात द्यायचा नाही, हे दरडावूनच सांगा.

लागल्यानंतर

चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात कुणालाही नव्या कामावर पाठवू नका. मुलगा चतुर्थीला घरी येतो, दीड दिवसाचा गणपती असला तरी मामाकडे सात दिवसांचा असतो, आणि मग कामावर परत जायची त्याला लाज वाटते. चतुर्थी झाली की पाठवा, थेट दिवाळीपर्यंत सलग महिने मिळतात. डिचोलीच्या बाजूच्या मुलाला विचारा, धोंड, म्हणजे लईराई देवीचा व्रत करणारा भक्त, आहेस का? लईराईच्या जत्रेआधी व्रत असतं, वेगळं राहणं-जेवणं असतं. ती रजा सुपरवायझरला महिनाभर आधी सांगायची, जत्रेच्या आदल्या दिवशी फोन बंद करून नव्हे. आधी सांगितलं तर बहुतेक जण देतात. शिगम्याचंही तसंच.

फोन तीनदा करायचा: आठवड्याने, पहिला पगार झाल्यावर आणि तीन महिन्यांनी. "कसं चाललंय?" विचाराल तर "बरं" एवढंच उत्तर मिळेल. विचारा, काल घरी किती वाजता पोचलास? डब्यात काय नेतोस? सुपरवायझरचं नाव काय? ज्याला तीन महिन्यांनीही सुपरवायझरचं नाव सांगता येत नाही तो मनाने तिथे नाही, असं खुशाल धरा.

सोडलं म्हणाला तर रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी फोन उचलणार नाही. तारीख आणि कारण वहीत लिहा, त्याच्याच शब्दांत. मी अशी वही कंपनीवार ठेवायचे. वर्षातून एकदा त्या त्या पानाची प्रत घेऊन एचआरकडे जायचे आणि काही न बोलता टेबलावर ठेवायचे. एका कारखान्याने ती कारणं वाचून बस डिचोलीपर्यंत वाढवली. एकाने दुपारच्या शिफ्टची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे घेतली, त्यामुळे शेवटची कदंब मिळायला लागली. एकाने कागद खणात टाकला आणि विषय बदलला. तिथे मुलं पाठवणं मी बंद केलं नाही, पण पाठवताना ते पान मुलाला वाचायला द्यायचे.